चौक कोणासाठी?

मे महिना किंवा दिवाळी सरली की आपल्या हौशी लेखक-कवींच्या वह्या भरू लागतात. कोणी कोकणात जाऊन आलेला असतो, कोणी कच्छला, कोणी बस्तरला. तेथील एखादे भित्तिचित्र, एखादे भरतकाम, एखादे लोकगीत त्याच्या मनात घर करते आणि तो मोठ्या समाधानाने सांगतो, "सुट्टीत गेलो आणि मला प्रेरणा सापडली." ह्या 'सापडली' शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. रस्त्यावर पडलेले नाणे सापडते, कारण त्याचा धनी समोर नसतो. लोककलेचा धनी मात्र समोर उभा असतो, बहुधा आपल्यालाच चहा देत असतो. तेव्हा दुसऱ्याच्या भिंतीवरून उचललेली प्रेरणा माझी स्वतःची केव्हा होते, आणि होते का, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

सेमिनरीत असताना जोसेफ पीपर या जर्मन तत्त्वज्ञाचे फुरसतीविषयीचे छोटेखानी पुस्तक आम्ही अभ्यासले होते. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभा करण्याच्या घाईत सारे असताना या गृहस्थाने फुरसतीवर लिहावे, याचे आम्हां विद्यार्थ्यांना हसू येई. पण त्याचा मुद्दा खोल होता. पुन्हा कामास जुंपून घेता यावे म्हणून घेतलेली विश्रांती म्हणजे फुरसत नव्हे; ती स्वीकारण्याची, निःशब्दपणे पाहण्याची वृत्ती आहे आणि तिचे मूळ सणात व उपासनेत आहे. हे मान्य केले तर सुट्टीत प्रेरणा 'शोधावयास' जाणे हाच विरोधाभास ठरतो. शोधणारा मनुष्य कामावरच असतो. त्याने फक्त गाव बदललेले असते.

उदाहरण आमच्या शेजारचेच घेतो. डहाणू, तलासरी, जव्हार हा मुलूख २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, आता तो पालघर जिल्ह्यात मोडतो. 'वारली चित्र' म्हणून जे आज कपबशीवर, साडीच्या पदरावर आणि हॉटेलांच्या भिंतींवर दिसते, ते मुळात येथील लग्नघराचे. गेरूने वा शेणमातीने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने, सवाष्ण बाया लग्नाचा चौक लिहितात. चौकात पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या, आणि सभोवती झाडे, माणसे, जनावरे, तारप्याभोवती फेर धरून नाचणारी मंडळी. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. लग्न लावते तीही धवलेरी, म्हणजे एक स्त्रीच. ह्या चित्राखाली कोणाची सही नसते. ते टिकावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. पुढे कधीतरी भिंत सारवली की ते झाकले जाते.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ह्या पाड्यांत वस्ती केली आणि भिंतीवरची ही कला कागदावर आली. त्यातून जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) हे नाव जगास ठाऊक झाले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. म्हसे पुरुष होते. लग्न नसताना, रोज, स्वतःच्या ओढीने ते चित्रे काढीत. म्हणजे परंपरेचे जवळजवळ सर्व दंडक त्यांनी ओलांडले. शुद्धतेचे कैवारी याला भ्रष्टता म्हणतील. मला ते पटत नाही. लहानपणी आई गेल्यावर या मुलाची वाचा बंद झाली होती आणि तो धुळीत रेघा ओढून आपले मन सांगत असे. जी भाषा आईबायांची, तीच त्या आईवेगळ्या पोराने आपली केली. परंपरा अशाच गरजेतून पुढे सरकते. आणि जी परंपरा कोणाची गरज भागवीत नाही, तिला संग्रहालयातील थंड हवाच बरी.

पाहुण्याचे काय? रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत पायी चालतो आणि वाटेतले दगड, माती, काटक्या यांची वर्तुळे-रेषा मांडतो. त्याने वारल्यांच्या मुलखात येऊन काम केले, आणि २००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याचे व म्हसे यांचे एकत्र प्रदर्शन झाले. ते मला यासाठी महत्त्वाचे वाटते की लाँगने वारली माणसे काढली नाहीत. तो स्वतःची वर्तुळेच मांडीत राहिला, शेजारी म्हसे यांची होती. अनुकरण नाही आणि उचलेगिरी तर नाहीच. आपल्याकडे मात्र दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले आणि वर एक ठिपका दिला की 'वारलीपासून प्रेरणा' झाली! २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. नावाचा व्यापार त्याने काहीसा आवरेल. परंतु मनाने केलेली उचल कोणत्या कायद्यात बसवणार?

तीन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांचा एक गट दिवाळीच्या सुट्टीत त्या बाजूस दोन दिवस जाऊन आला. ढीगभर छायाचित्रे काढून आणली आणि नाताळचा गोठा 'वारली पद्धतीने' करण्याचा घाट घातला. सभेत वाद झाला. एका ज्येष्ठाचे म्हणणे, देवळात परक्या देवतांची चित्रे नकोत. दुसऱ्याचे म्हणणे, हेच तर खरे देशीकरण, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपासून आपण हेच बोलत आलो. दोघेही आमच्या भिंतीविषयी बोलत होते, ज्यांची भिंत पाहून ही कल्पना सुचली त्यांच्याविषयी कोणीच बोलत नव्हते. मी मुलांना एवढेच सुचविले की ज्या घरी तुम्ही जेवलात तेथे पुन्हा जा, आणि योग्य मजुरी देऊन त्या आजींना सोबत आणा.

आजी आल्या. काडी हातात घेण्यापूर्वी त्यांनी विचारले, "लगीन कोनाचा?" लग्न नाही, बाळ जन्मले आहे, असे मुलांनी सांगितले. "मग चौक नको. घर काढू, ढोरं काढू," आजी म्हणाल्या. आमच्या सभेला जो भेद तीन तासांत करता आला नव्हता, तो त्यांनी एका वाक्यात केला. स्वतःच्या देवीची जागा त्यांना आमच्यापेक्षा अधिक चांगली ठाऊक होती. घर झाले, ढोरे झाली, मरिया व योसेफ झाले. मग त्यांचा दुसरा प्रश्न आला: "बाळंतिणीजवळ बाई कोण?" कोणी नाही, असे उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसेना. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी खाटेशेजारी दोन बाया काढल्या, एकीच्या हाती पाण्याचे भांडे.

त्या आजींनी पौर्वात्य ख्रिस्तसभेच्या प्रतिमा कधी पाहिल्या नसणार. त्या प्रतिमांत, दुसऱ्या शतकातील याकोबाच्या नावे चालणाऱ्या अप्रमाणित ग्रंथाच्या आधारे, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या अशाच दोन सुइणी असतात. आमच्या गोठ्यातून त्या केव्हाच गळाल्या. वर्षानुवर्षे नाताळचे प्रवचन करूनही मला कधी पडला नाही असा प्रश्न त्या दिवशी मला मिळाला, आणि त्या वर्षीचे प्रवचन मी त्यावरच केले. मला प्रेरणा मिळाली असे म्हणावयाचे तर ती त्रिकोणात नव्हती, त्या बाईच्या काळजीत होती. आणि ती मी शोधावयास गेलो नव्हतो.

फादर थॉमस स्टीफन्स हेही प्रवासी होते. १५७९ साली ते गोव्यास आले आणि येथील पुराणांची ओवी घेऊन त्यांनी 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ साली छापले गेले. मध्ये सदतीस वर्षे आहेत. ज्यांच्याकडून ओवी घेतली त्यांच्याच कानांसाठी ती परत केली, आणि १६१९ साली ते येथेच वारले. परतीचे तिकीट काढलेल्या मनुष्याला हे साधणे कठीण, हे मी जाणतो. दोन दिवसांच्या सहलीकडून सदतीस वर्षांची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण 'हे मी कोणासाठी नेतो आहे?' हे विचारावयास दोन मिनिटेही पुरतात.

जाता जाता एक. आमच्या वसईतही लग्नघरी लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या बाया आपल्या बोलीतली गाणी म्हणत. आता तेथे ध्वनिवर्धक असतो, आणि सगळी गाणी मुखोद्गत असलेल्या बाया बोटांवर मोजाव्यात इतक्याच उरल्या आहेत. येत्या सुट्टीत कोठे जाणार असे मी त्याच तरुणांना विचारले, तेव्हा लोककला पाहावयास राजस्थानला, असे उत्तर मिळाले. राजस्थान सुंदर आहे, जरूर जावे. तिकिटे काढण्यापूर्वी दोन आळ्या पलीकडच्या त्र्याऐंशी वर्षांच्या आजींकडे एक दुपार बसून या, असे मी त्यांना सांगितले आहे. मात्र चारनंतर जा, त्याआधी त्या झोपलेल्या असतात.