सहा दोरांचा भरवसा

विश्वास कुणावर ठेवावा, हा प्रश्न आपण एरवी फार जपून विचारतो. सोयरीक जुळवताना विचारतो, घर भाड्याने देताना विचारतो, शेजाऱ्याला पैसे उसने देताना तर दोनदा विचारतो. पण ज्या विश्वासावर आपला जीव टांगलेला असतो, तो मात्र आपण न विचारताच टाकून मोकळे होतो. पूल ज्याने बांधला तो कोण, लिफ्टचा दोर शेवटी कुणी आणि कधी तपासला, याची चौकशी करून कोणी पाय पुढे टाकत नाही. टाकू म्हटले तर जगणेच थांबेल.

या न विचारलेल्या विश्वासाचे उघडेवाघडे रूप पाहायचे असेल, तर खोल दरीवरून जाणाऱ्या पाळण्याकडे पाहावे. रायगडाच्या रोपवेने जे वर गेले आहेत त्यांना पायांखालची जमीन एकाएकी दूर सरते तो क्षण ठाऊक आहे. मात्र रायगडाच्या पाळण्यातून निदान गडावर तरी पोचता येते. जगात काही पाळणे असे आहेत, की ते कुठेच नेत नाहीत. दरी पाहावी, थोडे भ्यावे आणि परत यावे, एवढ्यासाठीच ते उभारले आहेत.

कॅनडात नायगारा नदीवर असा एक पाळणा आहे. सुप्रसिद्ध धबधब्याच्या खालच्या अंगाला नदी एका अरुंद घळीतून धावते आणि एका वळणावर प्रचंड भोवरा घालते. त्या भोवऱ्यावरून, पाण्यापासून साठ मीटरांहून अधिक उंचीवर, हा पाळणा सुमारे ५४० मीटर अंतर तोडतो. त्याची दोन्ही टोके कॅनडातच आहेत. नदीच्या वळणामुळे वाटेत थोडा वेळ अमेरिकेची हद्द लागते, इतकेच. लेओनार्दो तोर्रेस केवेदो या स्पॅनिश यंत्रज्ञाने त्याची आखणी केली आणि १९१६ च्या ऑगस्टमध्ये, अर्धे जग महायुद्धात होरपळत असताना, तो लोकांसाठी खुला झाला. शंभर वर्षे उलटल्यावरही तो चालू राहिला.

या तोर्रेसचा पहिला पाळणा तीस वर्षे आधीचा. स्पेनच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, आपल्या घराजवळच्या दरीवर त्याने तो बांधला होता आणि ओढायला गाईंची जोडी जुंपली होती. १८८७ साली त्याने या रचनेचे पेटंट घेतले. ती घेऊन तो डोंगरांच्या देशात, स्वित्झर्लंडात गेला. तिथे कोणी दाद दिली नाही. अखेर १९०७ साली सान सेबास्तियान येथील उलिया डोंगरावर त्याचा पाळणा माणसे घेऊन चालू लागला. वीस वर्षे ज्या कल्पनेला त्याने सोडले नाही, तिच्यात असे काय होते?

ते समजायला घरातली कपडे वाळत घालायची दोरी पुरे. दोन खुंट्यांना ताठ बांधलेल्या दोरीवर ओले लुगडे टाकले की दोरीवरचा ताण वाढतो. दुसरे टाकले की आणखी वाढतो. एक दिवस ती तुटते. आता दोरीचे एकच टोक खुंटीला बांधा. दुसरे एका कप्पीवरून खाली सोडा आणि त्याला एक धोंडा अडकवा. लुगडे टाकले की दोरी थोडी खाली झुकेल, धोंडा थोडा वर चढेल. पण दोरीवरचा ताण त्या धोंड्याच्या वजनाइतकाच राहील. दोरीने किती ताण सोसायचा हे ओझे ठरवत नाही, धोंडा ठरवतो. ओझे फक्त एवढेच ठरवते, की दोरीने किती झुकायचे.

नायगाऱ्याचा पाळणा अशा सहा पोलादी दोरांवर तोललेला आहे आणि प्रत्येक दोराचा ताण असाच टांगलेल्या वजनाने ठरलेला आहे. यातला एक दोर तुटला तर काय होईल? आपली सहज समजूत अशी, की त्याचा भार उरलेल्या पाचांवर पडेल, त्यांतला दुबळा तुटेल आणि मग एकामागून एक सारेच जातील. तसे होत नाही. पाळणा थोडा खाली उतरतो, दोरांचा बाक वाढतो, आणि त्या वाढलेल्या बाकामुळे पाच दोर तेवढ्याच ताणात तेच ओझे पेलतात.

माणसांच्या संसारात बहुधा याच्या उलट घडते. घरातला एक कर्ता गेला की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो, कचेरीत एक कारकून रजेवर गेला की त्याची कागदपत्रे शेजारच्या टेबलावर येतात. आणि ज्याच्यावर भार पडला तोही एक दिवस मोडतो. कारण पाळणा जराही खाली येता कामा नये, असा आपला हट्ट असतो. लग्नाचा थाट पूर्वीइतकाच हवा, फराळाची ताटे तितकीच भरलेली हवीत. थोडे झुकायला घर तयार असते तर कित्येक माणसे तुटण्यापासून वाचली असती.

पण मला या रचनेत याहून मोठी गोष्ट दिसते. दोर तुटेल, असे गृहीत धरूनच तोर्रेसने पाळणा बांधला. आपल्या हातच्या कामावर त्याने पुरता विश्वास टाकला नाही. पाळण्यात बसणाऱ्याला दोर तपासता येत नाही, गणित पडताळता येत नाही. त्याला संशय घेण्याची सोयच नसते. म्हणून तो संशय त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी घ्यावा लागतो. विश्वास ठेवणाऱ्याचे काम सोपे. ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो, त्याने मात्र अविश्वासाचे व्रत घ्यायचे असते.

हे व्रत मोडले की काय होते, ते उत्तर इटलीत दिसले. २३ मे २०२१, रविवार. मोत्तारोने डोंगरावर जाणाऱ्या पाळण्याचा ओढदोर वरच्या स्थानकाजवळ तुटला. नेमक्या अशाच प्रसंगी पाळणा जागीच धरून ठेवणारा ब्रेक त्याला होता. पण तो मधूनमधून विनाकारण लागत असे आणि फेरी अडत असे. म्हणून लोखंडी चिमटे अडकवून त्याला निकामी करून ठेवले होते. पाळणा उतारावरून मागे सुटला आणि कोसळला. चौदा माणसे गेली. पाच वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला.

ज्या हाताने तो चिमटा बसवला, तो अडाण्याचा नव्हता. ब्रेक कशासाठी असतो हे त्या हाताला ठाऊक होते. त्याने दुष्टावा केला असेही नव्हे. ‘दोर आजवर तुटला नाही, आजही तुटणार नाही’, एवढाच विश्वास त्याने ठेवला. विश्वास ठेवण्याचा अधिकार प्रवाशाचा होता, त्याचा नव्हता. तो त्याने स्वतःकडे घेतला. अशा वेळी श्रद्धा हाही अपराध ठरतो.

आणि प्रवासी? त्याच्याकडे काहीच कर्तव्य उरत नाही काय? मला वाटते, एक उरते. तासन् तास रांगेत उभे राहिल्यावर ‘आज पाळणा बंद आहे’ अशी पाटी दिसते तेव्हा आपण चरफडतो, खिडकीतल्या माणसाला चार शब्द सुनावतो, मुलांचा हिरमोड झाल्याचे गाऱ्हाणे मांडतो. चिमटा बसवणाऱ्याला दोष आहेच. परंतु अडलेली फेरी कुणालाच खपत नाही, या आपल्या अधीरतेचे वजनही कुठेतरी त्या चिमट्यावर पडलेले असते. यंत्रज्ञ आपल्या वतीने संशय घेत असेल, तर त्या संशयाची किंमत थोडीशी आपणही मोजली पाहिजे. ती किंमत जिवाची नसते. एका हुकलेल्या फेरीची असते.

या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन आपण डोंगरांवर, गडांवर जाऊ. कुठे पाळणा असेल, आणि वारा सुटला म्हणून तो थांबवलेला असेल. अशा वेळी खिडकीतल्या माणसावर रागावू नये. आपल्याला परत पाठवणारा तो माणूस आपल्या विश्वासाला जागलेला असतो.