घागर विहिरीवरच राहिली

श्रद्धेविषयी बोलणे हे फादर-सिस्टरांचे काम, असे आपण म्हणतो. स्नानसंस्कारामुळे ते प्रत्येकाचे आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सांगितले. आपली खरी अडचण वेगळी असते: शेजाऱ्याशी बांधावरून अबोला आहे, मग कोणत्या तोंडाने बोलायचे?

संत योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्री आठवू या. पाच पती झालेली ती बाई घागर तिथेच ठेवून गावात गेली. स्वतःचे पुण्य तिने सांगितले नाही. तिचे सारे ओळखणाऱ्या प्रभूकडे बोट दाखवले.

कृपा लायकी पाहून मिळत नाही. म्हणून लायक होईपर्यंत गप्प राहणे ही नम्रता नव्हे. पण फुकट मिळालेली क्षमा शेजाऱ्याला नाकारून साक्षही देता येत नाही. या आठवड्यात आपणच आधी बांध ओलांडू या.