मळसूत्राला चिकटलेला पंख

इंग्रजीच्या तासाला मुलं टाळ्या वाजवत शब्द फोडतात. हे-लि-कॉप्-टर, चार टाळ्या. मला ही पद्धत खुपते, कारण या शब्दाचे मूळ तुकडे दोनच: ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्राचा आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. पोंतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थांनी १८६१ मध्ये ग्रीकातून तो घडवला. टाळ्यांच्या हिशेबात पंखातला ‘प’ उपटला जातो आणि मळसूत्राला चिकटतो.

जिभेचे तुकडे वेगळे आणि अर्थाचे वेगळे, हे भान शिकवण्यात हवंच.

माझं भांडण अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरशी आहे. आधीच्या स्पेलिंगच्या पुस्तकांत ‘हॅबिट’ची फोड एच-ए, मग बी-आय-टी अशी असे. वेबस्टरने १७८३ च्या आपल्या पुस्तकात बी अलीकडे ओढला. स्वर आखूड आहे हे मुलाला दिसावं, हा त्याचा हेतू रास्तच होता. पण कानाला सगळा अधिकार दिला की ‘डेमॉक्रसी’सुद्धा डि-मॉक्-र-सी होते. यात ‘डेमो’ म्हणजे लोक आणि ‘क्रसी’ म्हणजे सत्ता. सत्तेचा ‘क’ लोकांकडे जातो आणि ओळीच्या शेवटी तुटलेल्या त्या शब्दात ना लोक दिसतात, ना सत्ता. ब्रिटिश छापखान्यांना ‘डेमो’नंतर तोडणं बरं वाटे, ते मला अजूनही पटतं.

आपल्याकडे तर लेखणी एकीकडे आणि जीभ दुसरीकडे. ‘शब्द’ लिहिताना श आणि ब्द. म्हणताना मात्र शब्-द. म्हणून तर वृत्तात जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरतात. लिपी काहीही दाखवो, छंदशास्त्राने कौल कानालाच दिला, आणि त्यात अर्थाचं काही बिघडलं नाही.

मग त्या ‘प’कडे पुन्हा पाहावं लागतं. इंग्रजी जिभेला शब्दारंभी ‘प्ट’ झेपत नाही. ‘टेरोडॅक्टिल’मध्ये हाच पंख आहे, पण त्याचा पी नुसता लिहायचा, उच्चारायचा नाही. हेलिकॉप्टरमध्ये तो ऐकू येतो, तो आधीच्या स्वराला बिलगल्यामुळेच. मी ज्याला मोडतोड म्हणत होतो, तिनेच पंख वाचवला.

आणि ती तिथे थांबली नाही. ‘हेलि’ सुटा होऊन हेलिपॅड, हेलिपोर्ट झाले. ‘कॉप्टर’ला तर ग्रीकात काहीच अर्थ नव्हता, पण आज तो उडत्या यंत्राचं नाव आहे. जिभेचा तुकडाच अर्थाचा तुकडा झाला, तेव्हा दोहोंमध्ये मी आखलेली रेघ कायमची नाही, हे मला मान्य करायला हवं. ‘क्वाडकॉप्टर’मध्ये जीभ आणि अर्थ एकाच जागी तुटतात, आणि ती जागा बोलणाऱ्यांनी ठरवली आहे.