शाफ्टचे दोन कोन

क्युबेकमध्ये रात्रभर बर्फ पडला की पहाटे ट्रॅक्टर बाहेर निघतात, मागे स्नोब्लोअर जोडून. बर्फ उडवणारं यंत्र या प्रांताला नवं नाही. तिथल्या आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये तसं वाहन बनवलं आणि १९२७ मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँने ते विकत घेतलं. ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरला ताकद मिळते ती पीटीओ शाफ्टमधून. आपल्याकडे रोटाव्हेटरला असतो तसाच, दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असलेला. मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ.

जोडणारा बहुधा एवढंच बघतो की शाफ्ट फार वाकडा तर बसला नाही ना. माझ्या मते बघायचं ते दुसरंच आहे.

क्रॉसची खोड अशी, की कोनात फिरताना तो आलेला वेग जसाच्या तसा पुढे देत नाही. पीटीओ एका लयीत फिरत असला तरी पुढचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा चढतो, दोनदा उतरतो. कोन १० अंशांचा असेल तर ५३२ ते ५४८. ३० अंशांचा असेल तर ४६८ ते ६२४! ही चढउतार दुसरा क्रॉस फेडतो, पण कधी? तिथला कोन पहिल्याइतकाच असेल आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असतील तेव्हाच. पीटीओचा दांडा आणि ब्लोअरच्या गिअरबॉक्सचा दांडा समांतर ठेवले की कोन आपोआप सारखे होतात. उंचीत फरक असला तरी चालतं. मधला शाफ्ट मात्र अडखळतच फिरतो, त्याची सुटका नाही. म्हणून कोन सारखे हवेत, आणि शिवाय लहानही.

हा समांतरपणा टॉप लिंकच्या हाती, आणि घोळ तिथेच होतो. ब्लोअरने रस्त्यावरची खडी ओरबाडू नये म्हणून लोक टॉप लिंक आखडून त्याची मागची कडा उचलतात. खडी वाचते, गिअरबॉक्सचा दांडा कलतो. समजा एका टोकाला १२ अंश राहिले, दुसऱ्याला ६. फरक सहाचाच, असं वाटेल. पण हिशेब वर्गांचा आहे: १४४ मधून ३६ वजा, उरलेल्याचं वर्गमूळ सुमारे साडेदहा. म्हणजे एकच क्रॉस साडेदहा अंशांत फिरावा तशी चढउतार ब्लोअरपर्यंत पोचते. दुसरा क्रॉस असून नसल्यासारखा. कडा उचलायची तर बाजूचे स्किड शू खाली सरकवावेत, टॉप लिंकला हात लावू नये. चौकोनी शाफ्ट वेगळा करून परत घालताना पाव फेरा चुकला तर आणखी वाईट: मग दोन्ही क्रॉसच्या खोडी एकत्र येतात.

मापणं सोपं आहे. इंजिन बंद, किल्ली खिशात, ब्लोअर कामाच्या उंचीवर, आणि मोबाईलवरचं लेव्हल दोन्ही दांड्यांना लावून बघायचं. कामाच्याच उंचीवर, कारण यंत्र उचललं की कोन बदलतात. आपला शेतकरी बांधाशी रोटाव्हेटर उचलण्याआधी पीटीओ बंद करतो, कारण उचललेल्या यंत्राच्या शाफ्टची खडखड त्याच्या ओळखीची असते. क्युबेकमध्ये बर्फाच्या उंच ढिगात ब्लोअर उचलून घालावा लागतो आणि तेव्हा पीटीओ बंद करून भागत नाही. वरचा थर तसाच चालू यंत्राने फेकायचा असतो. म्हणजे तिथे ती उंचीही कामाचीच, मापायचं त्या उंचीवरही.