ओटी राखताना

समुद्राकाठच्या घरात सगळ्यात आधी झिजते ती ओटी. घिवलीसारख्या किनाऱ्याला लागून असलेल्या गावात जूनपासून नैर्ऋत्येचा पाऊस तिच्यावर येतो, उन्हाळ्यात दुपारचं ऊन येतं आणि खारा वारा तर बारा महिने असतो. आतल्या भिंती कोरड्या राहतात, कारण पुढे ओटी भिजते. तरीही घराची डागडुजी निघाली की ओटीची पाळी शेवटी येते. तोवर डासांसाठी लावलेली जाळी गळून पडलेली असते, कठड्याचा रंग पोपडे धरून सुटलेला असतो, आणि पाहायला आलेला माणूस सांगतो, "हे काढून टाका, नवंच करा." हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

जाळी आणि लाकूड एकाच वेळी खराब दिसतात, पण त्यांचं दुखणं वेगवेगळं असतं. लोखंडी जाळीवर जस्ताचा पातळ थर असतो. हवेतलं मीठ त्यावर बसतं, ओल धरून ठेवतं आणि पाऊस नसतानाही थर खात राहतं. जस्त संपलं की तार गंजते. अशी जाळी किनाऱ्यावर थोडीच वर्षं टिकणार, हे धरूनच चालावं. साध्या स्टेनलेस स्टीलवरही इथे तांबूस डाग पडतात; मॉलिब्डेनम असलेलं 316 प्रतीचं स्टील जास्त टिकतं, पण महाग पडतं. फायबरची जाळी गंजत नाही. मात्र ती उन्हानं कडक होते आणि मांजरीच्या नखांनी फाटते.

सागाचं तसं नाही. त्याच्या अंगातच तेल असतं, वाळवी त्याला सहसा लागत नाही. वरचा रंग गेला म्हणजे खांब गेला असं होत नाही. खांब कुजतो तो बहुधा खालून, जिथे लाकडाचं उघडं टोक पाणी शोषतं. म्हणून तर जुन्या बांधणीत त्याच्याखाली दगडी बैठक असे. नंतर कुणीतरी लादी बसवताना ती बैठक सिमेंटात बुजवतो आणि पाणी खांबाच्या पायाशी साचू लागतं. आधी ते पाणी मोकळं करावं, रंगाचं मग पाहावं.

आता रंगाविषयी. कठड्यावर ऑइलपेंटचे एकावर एक हात चढलेले असतील, तर ते कोरडे घासू नयेत. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत हवं, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं आणि घासताना उडणारी धूळ लहान मुलांच्या पोटात जाते. रंग ओला करून खरवडावा, मुलांना लांब ठेवावं. मग पॉलिशपेपर रेषेच्या दिशेनं फिरवावा, आधी जाड, नंतर बारीक. वरून काय द्यायचं? इथल्या हवेत मी चकचकीत व्हार्निशपेक्षा जवसाच्या उकळलेल्या तेलाला पसंती देतो. व्हार्निशचा पापुद्रा उन्हानं तडकतो, फटीतून ओल आत शिरते आणि पुढच्या वेळी सगळं पुन्हा खरवडावं लागतं. तेल लाकडात मुरतं. दर वर्षी पुसून एक हात दिला की झालं. एक काळजी मात्र घ्यावीच. तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

लवकर जाणारी वस्तू आणि टिकणारी वस्तू एकमेकींत अशा अडकवू नयेत की पहिलीसाठी दुसरी फोडावी लागेल. जाळी खिळ्यांनी थेट खांबावर ठोकली, तर ती बदलताना खांबाला जखमा होतात. मागे राहिलेला खिळा गंजून फुगतो आणि लाकूड चिरतो. त्याऐवजी जाळीची वेगळी हलकी चौकट करावी, ती पितळी स्क्रूंनी बसवावी, जाळीवर लाकडी पट्टी दाबावी. मग नवी जाळी हे एका दुपारचं काम उरतं. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या "एकदा बसवा आणि विसरा" म्हणून विकल्या जातात. खाऱ्या हवेत त्यांची चाकं अडकतात, धातूवर पांढरी भुकटी धरते, आणि तो माप-नमुना बाजारातून गेला असेल तर अख्खी खिडकी बदलावी लागते. विसरता येईल अशी वस्तू या किनाऱ्यावर नसते.

मच्छीमारांना हे कुणी सांगावं लागत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नावा वर ओढल्या जातात. फळी गेली तर फळी बदलते, जाळं फाटलं तर तेवढीच घरं विणली जातात. जवळच्या तारापूर अणुवीज केंद्राच्या, 1969 साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही 2020 पासून मोठ्या दुरुस्तीसाठी बंद ठेवल्या गेल्या. होडी काय, अणुभट्टी काय, भाग बदलता येतो तोवर आयुष्य वाढतं. मग घराच्या ओटीलाच आपण एका गंजक्या जाळीपायी मोडीत का काढतो?

जाळीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. 1900 च्या उन्हाळ्यात साम्बॉन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत, हिवतापाच्या ऐन मोसमात, जाळी लावलेल्या झोपडीत राहिले आणि निरोगी बाहेर आले. ते रात्रीचे डास होते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा जाळीची गरज आज वाढलीच आहे. पण जाळी वारा अडवते, आणि जाळीमागोमाग ग्रिल येतं, ग्रिलमागोमाग काच, आणि ओटीची खोली होते. बोईसर-तारापूर पट्ट्यात जागेला भाव आल्यापासून हा मोह मोठा आहे. ओटीवर शेजारीण न विचारता टेकते, सुकी मासळी निवडली जाते, वाटसरू पाणी मागतो. खोलीत यातलं काही होत नाही. म्हणून जाळीचं दार रुंद असावं, आपोआप मिटणारं असावं, आणि दिवसा त्याला कडी नसावी.

यंदा पावसाआधी काम काढणार असाल, तर एप्रिलमध्येच काढा. हवा दमट झाली की पॉलिश पांढरं पडतं. जुने सागाचे खांब मागत कुणी दारात आला, तर भाव ऐकण्याआधी खांबाच्या तळाशी सुरी टोचून पाहा. सुरी आत गेली नाही, तर खांब विकू नका.