आज्ञावलीचे भाषांतर आणि निष्ठेचा प्रश्न

साहित्यकृतीच्या भाषांतराची चर्चा मूळ संहितेशी असलेल्या निष्ठेपाशी वारंवार येते आणि बहुधा तेथेच अडते. संगणकाच्या आज्ञावलीबाबत हा पेच उद्भवत नाही, असे सामान्यतः मानले जाते: मूळ आणि भाषांतर यांना एकच सामग्री द्यावी, उत्तर सारखे आले की निष्ठा सिद्ध झाली. हे मत तपासून पाहावयास हवे.

‘पायथन’ या भाषेची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीत ७/२ चे उत्तर ३ येई, तिसरीत ३.५ येते. चिन्ह तेच, अर्थ निराळा. रूपांतरासाठी दिलेले ‘टू-टू-थ्री’ हे साधन इतर अनेक बदल यांत्रिकपणे करी, भागाकाराच्या चिन्हाला मात्र हात लावीत नसे. त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना पूर्णांकच येतील काय, हे नुसत्या संहितेवरून सांगता येत नाही. आणि आले, तरी अपूर्णांक गाळणे लेखकाला अभिप्रेत होते की ते नकळत घडले, हा प्रश्न उरतोच. यंत्राच्या प्रांतात हेतूचा जुना वाद असा मागील दाराने शिरतो.

समजा, तीन विषयांची सरासरी काढणारी एक जुनी आज्ञावली आहे. एकूण १७९ गुण मिळविणाऱ्याची सरासरी ती ५९ दाखविते, १७७ वाल्याचीही ५९च. या सरासरीवर गुणानुक्रम लागला, प्रवेश दिले गेले. हेतूशी निष्ठा राखावी तर चूक सुधारली पाहिजे. वर्तनाशी राखावी तर ती जपली पाहिजे. चूक जपण्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. ‘लोटस १-२-३’ने १९०० हे लीप वर्ष मानले होते, जुनी कोष्टके बिघडू नयेत म्हणून ‘एक्सेल’ने तो प्रमाद जाणूनबुजून स्वीकारला. (हे आज्ञावलीचे भाषांतर नव्हे, पण पेच तोच.)

साहित्यात मूळ कृती भाषांतराशेजारी उभी असते. शंकेखोर वाचक ताडून पाहू शकतो. आज्ञावलीचे भाषांतर मुळाची जागाच घेते. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी संपला, आणि तीत लिहिलेले बरेच काही वापरातून गेले. अशा स्थितीत भाषांतरकाराने गुपचूप केलेली दुरुस्ती ही सुधारणा असतेच, पण जिच्यामुळे कुणाचा तरी क्रमांक गेला त्या चुकीचा पुरावाही ती पुसून टाकते. म्हणून प्रथम जुने वर्तनच दुहेरी तिरक्या रेघेने उतरवावे आणि येथे अपूर्णांक गळतो अशी टीप शेजारी लिहावी. दुरुस्ती त्यानंतर, स्वतंत्रपणे, दिनांक घालून आणि संस्थेला कळवून करावी. आधीच्या गुणपत्रिकांचे काय करावयाचे, हे मग संस्थेलाच ठरवावे लागेल.