डोंगरकड्याची केळी आणि पेरूचा समुद्र

मराठवाड्याच्या कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा केळीसाठी ओळखलं जातं. मे महिन्यात एखाद्या दुपारी धुळीचा लोट उठतो आणि पंधरा-वीस मिनिटांत घडानं वाकलेली झाडं मधोमध मोडून आडवी होतात. केळीच्या खोडात लाकूड नसतंच. एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ तेवढे असतात. हे वादळ तापलेल्या जमिनीवर, दोन-तीन तासांत तयार झालेलं असतं.

जून ते सप्टेंबरचा पाऊस मात्र फार दूर ठरतो.

गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्यात आले. १८७७ च्या दुष्काळाची धास्ती सरकारला तेव्हाही होती. मान्सूनचा अंदाज आधी बांधता यावा, हे त्यांचं काम. जगभरचे आकडे चाळताना त्यांना दिसलं, की पॅसिफिक आणि हिंदी महासागरावरचा हवेचा दाब झोपाळ्यासारखा हलतो: एकीकडे वाढला की दुसरीकडे उतरतो. पेरूच्या किनाऱ्याकडचं पाणी तापलं, म्हणजे एल निनो आला, की ढगांची गर्दी पूर्वेला सरकते आणि भारतावर हवा वर चढेनाशी होते.

२०१५ मध्ये तेच झालं. मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे ४० टक्के पाऊस कमी पडला. पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पण १९९७ चा एल निनो त्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक असूनही देशाचा पाऊस सरासरीच्या थोडा वरच राहिला. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली होती, तिनं बरंच सावरून घेतलं असं अभ्यासक मानतात.

शिवाय हंगामाची सरासरी पावसाचा दिवस सांगत नाही. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरला आणि हिंगोली, नांदेड, परभणीतली उभी सोयाबीन पाण्याखाली गेली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या मराठवाड्याला भिजवतात ती बहुधा अशीच पूर्वेकडून येणारी प्रणाली, तीच बुडवतेही.

म्हणून एप्रिलातली एल निनोची बातमी पीक निवडताना जरूर वाचावी. पेरणीचा दिवस मात्र ओल आणि चार-पाच दिवसांचा अंदाज पाहूनच ठरवावा, आणि मे उजाडण्याआधी घडाला बांबूचा टेका द्यावा.